चार प्लेटी

हे यंत्र ससाण्यांसाठी आणलेलं.
ससाण्याची हाडं पोकळ, आमच्या पगारासारखी,
हातात आली म्हणेपर्यंत हलकी.
उम्म अल-कुवैनच्या या दवाखान्यात रात्रपाळीला
मी, सुदानच्या डॉक्टर इल्हाम,
आणि डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या चढवलेले सात पक्षी.

कधी वाळवंटातला एखादा पोरगा सांडा घेऊन येतो,
जीपखाली आलेला, शेपूट काट्यांची.
त्याचा फोटो सोपा : कणा, बरगड्या,
खांदा आपल्यासारखाच बाहेरून टांगलेला.
एकदा समुद्री साप आला होता.
बरगड्याच बरगड्या, फणीसारख्या,
खांदा शोधायचा प्रश्नच नाही.

काल रात्री दीडला दोशंबे आला, खाडीवरचा बलुची,
पिकअपमध्ये ओल्या गोणपाटाखाली हिरवं कासव.
बोटीचं पातं पाठीवरून तिरकं गेलेलं.
"वरवरचंच आहे," तो म्हणाला,
कौल फुटलं की म्हणतात तसं.

एका प्लेटीत मावेना.
चार लावल्या, चारदा बटण दाबलं,
आणि पंधरा वर्षं माणसांचे फोटो काढल्याच्या सवयीनं
पहिल्याच वेळी बोलून गेलो :
"श्वास घ्या. धरून ठेवा."
त्यानं धरून ठेवला.
चारही प्लेटींना एकच पुरला.

नाना पाटणचे हाडवैद्य.
बाराखडीच्या आधी मला हाडं पाठ :
हंसळी, फरा, खुबा, नडगी, माकडहाड.
डोळे मिटून, तेलाच्या बोटांनी ते चिरा वाचायचे.
मी उजेडाच्या पेटीवर वाचतो, बोट न लावता.
या बाबतीत आमचं कधी जमलं नाही.

चार तुकडे जुळवले, फरशी बसवतात तसे.
पाठीवर जे घर म्हणतो आपण
ते पाठीवर नव्हतंच. ती पाठच होती.
मणके छताला आतून चिकटलेले,
बरगड्या पसरून, चपट्या होऊन, एकमेकींना शिवलेल्या.
खालच्या फरशीत दोन ओळखीचे तुकडे :
हंसळीच की ही, जमिनीत पुरलेली.
आणि फरा
आत.
बरगड्यांच्या आत उभा, तीन टोकांचा,
जणू घराला आतून टेकू.

डॉक्टर इल्हामनी पेन्सिलीनं चीर दाखवली.
कौल फुटलं नव्हतं. कणा होता तो.
"त्याला दुखतं का तिथं?" दोशंबेनं विचारलं.
त्या म्हणाल्या, "तुला पाठीवर दुखतं का?"
तो बराच वेळ आपल्या चपलांकडे बघत राहिला.

पहाटे नानांना फोन लावला.
ते उठलेलेच असतात.
"आरं, फरा आत? मग हात वर कसा करतं ते?"
"करत नाही वर. पुढं-मागं करतं. वल्ह्यासारखं."
"आन् छाती फुगत नसंल मग."
"नाही फुगत. हातापायांच्या मुळाशी स्नायू आहेत, ते दाबतात, सोडतात."
पलीकडे खाट करकरली.
मला कळलं, नाना उठून बसलेत,
उजवा हात मागं नेऊन
आपलाच फरा चाचपतायत,
आहे ना जिथं ठेवला होता तिथं.
"देवळाम्होरं दगडाचं कासव," ते म्हणाले,
"सत्तर वर्सं पाय देऊन आत गेलो.
हे कधी डोक्यात आलं न्हाई."
मग गुडघ्याबद्दल, विजेच्या बिलाबद्दल,
आणि मी येणार कधी ते त्यांनी विचारलं नाही.

आता टबात ओलं फडकं पांघरून ते पडलंय.
दर काही मिनिटांनी मान वर, एक सुस्कारा, पुन्हा खाली.
पातळ राळ लावून डॉक्टर चीर बुजवतील,
पण आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेटीच्या मध्ये
बोटभर जागा कोरी राहिलीये.
तिथं एक मणका असायला हवा.
दोनदा मोजले. नऊच भरतात.
माझीच चूक, प्लेट सरकली असणार.

मोठे दिवे लावतो, यंत्र पुन्हा तापवतो.
टबाशी वाकून, या वेळी मराठीत न बोलता,
ते श्वास कधी घेतंय याची वाट बघतो.